पूर्वेची गॅलरी

६ जानेवारी

पूर्वेला! प्रेक्षकांची नवी गॅलरी पूर्वेलाच बांधणार! ठरलंसुद्धा!

इफ्रा मैदानावरून आली ती सॅक कोपऱ्यात फेकून बसली. गोलकीपरचे हातमोजे तसेच हातात. म्हणाली, आपा, आमची बाजू गेली.

आमची बाजू म्हणजे पूर्वेचा पट्टा, मैदानाच्या कडेपासून बाभळींपर्यंतचा. मॉर्निंग स्टार क्लबच्या पोरी तिथं सराव करतात. मधलं मैदान पोरांचं, पोरींना तेवढा पट्टा. तोही भांडून घेतलेला. आता तिथं पायऱ्या बांधणार, वर पत्रा घालणार, लोक बसणार. मग आम्ही कुठं खेळायचं, असं इफ्रानं अध्यक्षाला विचारलं. अध्यक्ष म्हणजे धनाजी. त्याचं उत्तर — "पोरींना काय, शाळेचं अंगण पुरतं की."

शाळेचं अंगण! फरशीचं! फरशीवर डाइव्ह मारायची का माझ्या बहिणीनं?

एप्रिलमध्ये राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. सोलापुरातून एकटी इफ्रा. सतरा वर्षांची आहे, ह्या वयोगटात पुढच्या वर्षी घेत नाहीत. रोज सराव नाही झाला तर संपलं. अम्मी म्हणते, नक्को ज्यादा बोलू, बडे लोगां हैं. मोठे कसले? टायरचं दुकान आहे त्याचं.

धनाजी, तुला मी सोडत नाही.

७ जानेवारी

झोप लागली नाही. ती बस आठवत राहिली.

मी इफ्राएवढी होते. लेफ्ट विंगला खेळायची. मिरजेला स्पर्धा होती. आम्ही सगळ्या बॅगा घेऊन बसमध्ये बसलेलो, खिडकीच्या जागेवरून भांडूनही झालेलं. अब्बा सोडायला आलेले, रस्त्याच्या पलीकडून हात करत होते. एवढ्यात हा धनाजी — तेव्हा सेक्रेटरी होता — बसमध्ये चढला आणि म्हणाला, उतरा सगळ्या. पोरांची गाडी बंद पडली होती, त्यांना ही बस पाहिजे होती. आम्ही उतरलो. कुणी एक शब्द बोललं नाही, मीसुद्धा नाही. पोरं चढली, टाळ्या वाजवत गेली. त्यानंतर पोरींचा संघच बंद झाला, तो सहा-सात वर्षं.

अब्बांनी माझी बॅग उचलली आणि परतीच्या वाटेवर सोडा पाजला. ते काही बोलले नाहीत, त्याचाच जास्त राग आला होता.

आता तोच माणूस, आणि तीच वागणूक. फक्त पोरगी दुसरी.

११ जानेवारी

क्लबची सभा झाली. मैदानावरच मांडव घालून. मी मुद्दाम फ्लेक्सचं दुकान आवेजच्या ताब्यात देऊन गेले. आवेज माझा मामेभाऊ, मशीन तोच चालवतो.

खरं लिहायचं तर गॅलरी पाहिजे हे मलाही पटतं. रविवारी मॅच असली की माणसं भिंतीवर, टेम्पोच्या टपावर, बाभळीवर चढून बसतात. पश्चिमेच्या जुन्या गॅलरीला भेगा पडल्यात. कोल्हापूरचा संघ आला होता तेव्हा निम्मे लोक बाहेर उभं राहून आतला आरडाओरडा ऐकून घरी गेले. जागा पाहिजेच. एक म्हातारा खेळाडू उठून म्हणाला, गॅलरी मागनं बांधा, आदी नळाला पानी आना. लोक हसले, पण बरोबरच बोलला तो.

मग मी उठले. म्हटलं, जुनी गॅलरी पाडून पश्चिमेलाच मोठी बांधा की. तिकडचं गोदाम नाहीतरी रिकामंच पडलंय.

सगळ्यांच्या माना अण्णांकडं. कारण गोदाम अण्णांचं. तसं मैदानही अण्णांचंच म्हणायचं. वळसंगकडचे मोठे जमीनदार, इथंही जागा घेऊन ठेवलेल्या. त्यांच्या वडिलांनी ही जागा क्लबला खेळायला दिली, नुसत्या शब्दावर. गॅलरीचा सगळा खर्च अण्णा करणार आणि वडिलांचं नाव देणार. त्यांची खुर्ची वेगळी होती, टॉवेल अंथरलेली. ते नुसते हसले.

आणि धनाजी माईकवरून म्हणाला, "ताई, बांधकामातलं तुमाला काय कळतंय? तुमी तुमचं फ्लेक्सचं बगा."

अख्खा मांडव हसला. इफ्रा पुढं पोरींच्यात बसली होती. तिनं मान खाली घातली. मला हसले त्याचं काही नाही, पण तिची मान!

१२ जानेवारी

फ्लेक्सचं बघ म्हणालास ना. बघते.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी आहे. शुभेच्छांचे फ्लेक्स छापून छापून मशीन तापलंय. सात रस्त्याला आमचं दुकान असल्यामुळे सगळे पुढारी, सगळी मंडळं आमच्याकडंच येतात.

छापता छापता विचार करत होते. लोकांना वाटतं फ्लेक्स म्हणजे रंग आणि अक्षरं. काही नाही. फ्लेक्स म्हणजे कोणाचा फोटो कुठं! मधला मोठा कोण, त्याच्या उजवीकडं कोण, हात जोडलेला कोण, आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत गोल-गोल मुंडक्यांत कोण. एका मंडपवाल्याचा फोटो त्याच्या पुतण्याच्या खाली आला तर दोघं अजून बोलत नाहीत. माणूस शिवी विसरेल, पण फोटो बारीक आलेला मरेपर्यंत विसरत नाही.

आणि अण्णा तर त्या बाबतीत लई पुढं. मागं एका उद्‌घाटनाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो मधोमध नव्हता म्हणून स्टेजवरून उतरून निघून गेले होते. अख्ख्या गावाला माहीत आहे. धनाजीला तर पाठच.

मलाही माहीत आहे.

२७ जानेवारी

आला मेसेज! धनाजीचा आवाज, मागं गाडीचा हॉर्न. — अरिबाताई, रविवारी एक तारखेला भूमिपूजन हाय, सात रस्त्याच्या चौकात लई मोठा फ्लेक्स पायजे. अण्णा, चिंचोळीचे शेठ, समदी मंडळी घे. नेहमीसारकं कर.

नेहमीसारखं म्हणजे अण्णा मध्ये आणि मोठे, बाकी सगळे भोवती. हे न सांगता समजायचं असतं. पण सांगितलं तर नाहीच ना त्यानं!

आणि चिंचोळीचे शेठ! देवानंच धाडले म्हणायचे. एमआयडीसीत कारखाना आहे त्यांचा, क्लबला जर्सी देतात. अण्णा आणि शेठ, दोघांत विस्तव जात नाही. एकाच मांडवात बसतात, पण मध्ये चार खुर्च्या सोडून.

२९ जानेवारी

केलं डिझाइन.

मध्ये शेठ. हात जोडलेले, फेटा बांधलेले, दाराएवढे. खाली सोनेरी अक्षरांत 'प्रेरणास्थान'. वर मैदानाचा फोटो, त्यावर गॅलरीचं चित्र. धनाजी उजवीकडं, बऱ्यापैकी मोठा. त्याला मी मुद्दाम मोठा घेतला, म्हणजे स्वतःला बघून खूश होईल. आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, जिमवाला आणि मंडपवाला यांच्या मधोमध — अण्णा. गोलात. नाव बरोबर लिहिलं, आडनावासकट, चूक काढायला जागा नको.

आवेजनं बघितलं आणि म्हणाला, बाजी, ये तो लफडा होइंगा. मी म्हटलं, तू तुझ्या फ्लेक्सला कडेनं रिंगा मार.

धनाजीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं — सर, कृपया तपासून फायनल सांगा. चहा संपायच्या आत उत्तर आलं. 'ओके. फायनल.' आणि पुढं नमस्काराचे हात. कुठल्यातरी लग्नात होता म्हणे. मोठा करून बघितलासुद्धा नाही!

आता ओके माझ्या फोनमध्ये आहे. उद्या कुणी माझ्याकडं बोट दाखवून दाखवावं.

३१ जानेवारी

चौकात चढला. उन्हात असा झळकतोय की सगळा सात रस्ता शेठमय झालाय. मी समोर उभी राहून उसाचा रस प्यायले.

१ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहून ठेवणार. एक गोष्ट गाळणार नाही.

सकाळपासून मी रसवंतीपाशी. अण्णांची पांढरी गाडी आली. सिग्नलला थांबली. मागची काच खाली झाली. मग दार उघडलं आणि अण्णा स्वतः खाली उतरले, भर चौकात! मागं हॉर्न वाजायला लागले. त्यांनी चष्मा खाली केला, वर बघितलं. शेठकडं बघितलं. मग हळूहळू नजर खाली आली, एकेक मुंडकं बघत बघत, आणि जिमवाल्याच्या शेजारी थांबली. चेहरा आधी पांढरा आणि मग लाल. ड्रायव्हरला कानडीत एवढंच म्हणाले, "नडी." म्हणजे चल. गाडी तिथंच वळवली आणि आल्या वाटेनं गेली.

मी रिक्षा करून मैदानावर. खड्डा खणलेला, गुरुजी बसलेले, बँड तयार, हार थाळीत. धनाजी फोन कानाला लावून फेऱ्या मारतोय. अण्णा फोन उचलत नाहीत. मुहूर्त टळायला लागला. शेवटी गुरुजी म्हणाले, कुणीतरी नारळ फोडा. आणि कुणी फोडावा? शेठनी! फोटो सगळ्यांनी काढले, तासाभरात गावभर गेले.

धनाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी त्याच्या समोरून चालत गेले आणि विचारलं, "सर, फ्लेक्स आवडला का?" त्याला ऐकूही आलं नाही.

घरी येऊन अम्मीच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. इतकी गोड लागली नव्हती कधी!

२ फेब्रुवारी

दुकान उघडतेय तोच धनाजी. डोळे तांबारलेले. म्हणाला, हे काय करून ठेवलंस? मी फोन पुढं केला. त्याचाच ओके. त्यानं स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, आता केली! बघत राहिला. मग स्टुलावर बसला. मी पाणी दिलं. द्यायचं असतं, दिलं.

म्हणाला, "तुला म्हाईत हुतं. अण्णा कसे हायेत तुला म्हाईत हुतं की."

"मला काय माहीत, सर. बांधकामातलं मला कळत नाही. मी माझं फ्लेक्सचं बघते."

अस्सं तोंड झालं त्याचं! त्या बसमधून उतरलेल्या सगळ्या पोरींना आज दुकानात बोलवायला पाहिजे होतं.

उठताना दारात थांबला. म्हणाला, इफ्रा डाव्या अंगाला डाइव्ह मारताना उशीर करती, तिला सांग, चाचणीत तितंच मारतील गोल. आता काळजी! आता सुचतंय!

५ फेब्रुवारी

गॅलरी रद्द. अण्णांनी निरोप पाठवला, एका विटेचेही पैसे देणार नाही. खड्डा तसाच आहे. त्यात कुत्री झोपतात.

९ फेब्रुवारी

धनाजीनं राजीनामा दिला. दिला कसला, द्यायला लावला. कमिटीतले सगळे त्याच्यावर उलटले. जे मांडवात हसले होते तेच आता म्हणतात, त्याला साधा फ्लेक्स तपासता येत नाही तर क्लब काय चालवणार! ऐकून कान गार झाले. त्याच्या दुकानावरून मुद्दाम गेले. टायरच्या ढिगाशेजारी एकटाच बसला होता. पूर्वी तिथं दहा माणसं चहा प्यायची.

माझं समाधान झालं का? झालं. कुणी विचारलं तर नाही म्हणेन, पण इथं खोटं कशाला लिहू. झालं, आणि लई झालं.

१२ फेब्रुवारी

इफ्रानं विचारलं, आपा, तो फोटो तू मुद्दाम बारीक घेतलास ना?

म्हटलं, हो. तिला सगळं सांगितलं, बसचंही. वाटलं, गळ्यात पडेल. ती हातमोजे धूत होती. एक मोजा पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "पण तू मला एकदा विचारायचं होतंस."

काय विचारायचं? तुझ्यासाठीच केलं ना सगळं? पट्टा राहिला की नाही? सराव चालू आहे की नाही? म्हणाली, धनाजी सरांचा चेहरा पार उतरला होता. मी म्हटलं, दिसू दे.

लहान आहे. तिला काय कळतंय.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीचे फ्लेक्स. मान वर करायला वेळ नाही. रोजेही सुरू झाले. आवेजचा घसा मशीनच्या वासानं कोरडा पडतो, पण पठ्ठ्या रोजा सोडत नाही.

२२ फेब्रुवारी

आज अम्मीला घेऊन मैदानावर गेले. पोरांचा सराव धनाजीच घ्यायचा; तो गेल्यापासून सरावाला कुणी वाली नाही, निम्मी येतच नाहीत. त्यामुळं पोरी मधल्या मैदानावर! मधल्या! खऱ्या गोलपोस्टमध्ये माझी इफ्रा. डावीकडं तीनदा डाइव्ह मारली, तिन्ही अडवले. अम्मीला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण दर वेळी माशाअल्लाह म्हणत होती. मला भरून आलं. मी खेळायची तेव्हा अम्मी एकदाही आली नव्हती.

पोरींना म्हटलं, आता हे मैदान तुमचं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. इफ्राही हसली, बऱ्याच दिवसांनी.

२६ फेब्रुवारी

अण्णांचा फोन आला. ऑफिसला येऊन जा. वाटलं, कळलं. सगळं कळलं.

गेले. थंडगार ऑफिस, भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो. माझा रोजा आहे म्हटल्यावर अण्णांनी स्वतःचाही चहा परत पाठवला. म्हणाले, तू घाबरू नको बाळ. छापणाऱ्याची काय चूक? धनाजीनं सांगितलं तसं तू छापलंस. त्यानं माझ्या वडिलांच्या जागेवर उभं राहून माझा अपमान केला, ते मी विसरणार नाही. मी मान डोलवली. मग म्हणाले, ह्यापुढं आमचं सगळं काम तुझ्याकडं. आणि त्या मैदानाकडं आता मी स्वतःच लक्ष घालणार आहे.

बाहेर आले तर रस्ता हलका वाटायला लागला. म्हणजे शत्रूही गेला आणि गिऱ्हाईकही मिळालं! अण्णांनी लक्ष घातलं तर नळसुद्धा येईल मैदानावर. पोरींसाठी कपडे बदलायला एक खोली मागून घेईन. माझं ऐकतील आता.

इफ्तारला अम्मीला सांगितलं. ती खजूर हातात धरून म्हणाली, वो आदमी कू मैदान में क्या काम गे? मी म्हटलं, तुला प्रत्येकाचा संशय.

१ मार्च

पोरी सरावाला गेल्या तर मैदानावर दोन माणसं टेप लावून मापं घेत होती. इफ्रानं विचारलं तर ती माणसं म्हणाली, अण्णांनी पाठवलंय. बघ, मी म्हटलं होतं ना! काहीतरी बांधणार. ह्या वेळी आपल्याला विचारून बांधतील.

इफ्रा म्हणाली, ती माणसं गोलपोस्टची उंची नव्हती मोजत, आपा. गेटची रुंदी मोजत होती.

६ मार्च

अण्णांचं पहिलं काम आलं. मी गिऱ्हाईकाशी बोलत होते. कॉलेज सुटल्यावर इफ्रा दुकानात येऊन कॉम्प्युटरवर बसते, आजही बसली होती. फाईल तिनंच उघडली.

अण्णांच्या वडिलांच्या नावाचं लॉन्स. लग्न, साखरपुडा, बारसं. पाच हजार पाहुण्यांची सोय, प्रशस्त पार्किंग. पाडव्यापासून बुकिंग सुरू. पत्ता — जुनं फुटबॉल मैदान.

मी तिच्या मागं येऊन उभी राहिले ते तिला कळलं. तिनं वळून बघितलं नाही.

"आपा," म्हणाली, "साईज काय ठेवू?"